बावीस सभासद, एक बटन

आमच्या आईचा कपिलधारच्या दोऱ्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा कोणत्याच माणसावर नव्हता, आणि त्यात अप्पाही आले. दरवर्षी ती कपिलधारला देवदर्शनाला जायची, धबधब्याला पाणी असो वा नसो, आणि येताना लाल दोऱ्याचं एक गुंडाळं घेऊन यायची. ते वर्षभर पुरायचं. घरात कशाचीही सुरुवात झाली की त्याला दोरा बांधला जायचा. गाभण म्हशीच्या शिंगाला दोरा, नव्या रॉकेलच्या स्टोव्हला दोरा, अप्पांच्या सायकलीच्या हँडलला दोरा. मी दहावीला बसले तेव्हा तिनं माझ्या हॉल तिकिटाला भोक पाडून दोरा ओवला होता आणि पर्यवेक्षकांनी तो कॉपीचा काही नवा प्रकार समजून दहा मिनिटं उजेडात धरून पाहिला होता. अप्पा या सगळ्याला हसायचे. "गवरे, तुझ्या मायला इचार, चहाच्या गाळणीला बांधला का न्हाई? गाळणीचा काय गुन्हा हाय?" असं म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

अप्पा लेथवर, म्हणजे लोखंड-पितळ कातायच्या यंत्रावर, काम करायचे. आमच्या गावाबाहेर, तलवाड्याच्या रस्त्याला, पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये यंत्रदुरुस्तीची सहकारी संस्था होती. सगळे तिला वर्कशॉप म्हणत. बावीस सभासद, सगळे फिटर, वेल्डर, मोटारींचं वायंडिंग भरणारे, आणि लेथवर एकटे अप्पा. विहिरींवरच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करणं हे तिचं काम. पाऊस असेल तेव्हा शेडबाहेर मोटारींची रांग लागायची. पण मी सांगते आहे त्या काळात लागोपाठ पावसानं दगा दिला होता. विहिरीतच पाणी नाही, तर मोटार कोण चालवणार आणि बिघडणार कशी? वर्कशॉपमध्ये माणसं नुसती बसून असत. अप्पा रोज लेथ पुसायचे, तेल द्यायचे, रिकामाच फिरवून त्याचा आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. त्या लेथचा पट्टा फिरताना धप्-धप्-धप् असा आवाज यायचा. लहानपणी मी त्याच आवाजावर पाढे पाठ केले होते.

घरी पाण्याची तऱ्हा काय सांगावी. टँकर आला की गल्लीत घागरींचा जो खणखणाट व्हायचा, त्यानं झोपलेली कुत्रीसुद्धा उठून रांगेत उभी राहत. आंघोळ घमेल्यात बसून करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी म्हशीच्या अंगाला, आणि म्हशीच्या अंगावरून गळालेलं पाणी कढीपत्त्याला. आई म्हणायची, आपला कढीपत्ता सगळ्या घरादाराची आंघोळ करतो. भाजी तर दिसायचीच नाही. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्या येसराचा वास अजून कुठे आला की मी आजही, या वयात, शहाण्या बाईसारखी न वागता सरळ त्या स्वयंपाकघरात डोकावते.

मी अंबाजोगाईला राहून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी. एस्सी. झाले होते. आमच्या घराण्यात मागच्या किती पिढ्यांत कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मला पहिल्यांदा एस. टी.त बसवताना अप्पांनी माझी पत्र्याची ट्रंक टपावर स्वतः चढून बांधली होती. त्यांची एक खास गाठ होती: दोन फास आणि उरलेलं टोक आत खोचलेलं. लोखंडी सळ्यांचे भारे ते तसेच बांधत. ती गाठ सोडवता सोडवता अंबाजोगाईच्या स्टँडवर दोन हमाल आणि एक कंडक्टर घामाघूम झाले होते. पदवी घेऊन परतले तर गावात इलेक्ट्रॉनिक्सचं काम म्हणजे लोकांचे रेडिओ. अख्ख्या गावाचे रेडिओ मी उघडले, त्यांतले बरेच परत बंदही केले.

आणि मग चेअरमन बापूराव यांनी ते मशीन आणलं. बापूराव म्हणजे पांढरी टोपी, मोठा आवाज आणि कशावरही ठराव करायची सवय. एकदा शेडमध्ये साप निघाला, तर त्याला मारायचं की हाकलायचं यावर त्यांनी हात वर करून मतदान घेतलं होतं. मतमोजणी होईपर्यंत साप निघून गेला. तर बापूराव गेले होते औरंगाबादला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात शेडसाठी जुने पत्रे आणायला. परत आले ते टेम्पोत एक छोटा लेथ घालून. म्हणाले, "पत्रे दुसऱ्यानं नेले. हे कुणीच घेत नव्हतं."

हा लेथ अप्पांच्या लेथच्या चौथ्या हिश्शाएवढा. याला हातानं फिरवायची चाकं होती, पण त्या चाकांच्या मागे दोन चौकोनी मोटारी बसवलेल्या, आणि त्यांच्या वायरी एका राखाडी डब्ब्यात गेलेल्या. डब्ब्यावर लाल आकडे उमटायचे आणि सोळा बटनं होती. सोबत इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स, मधली पानं गायब. ते पाहून बावीसच्या बावीस सभासदांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टेबलावर बापूरावांचा रेडिओ दुरुस्त करत होते.

त्या पुस्तकाशी मी महिनाभर झटले. दुपारी, पत्रे तापलेले, कपाळाला ओला फडका बांधून. साधी मोटार एकदा सुटली की सुटली, पण ही स्टेपर मोटार मोजून चालते. एका फेऱ्यात दोनशे पावलं. डब्ब्यात आकडे भरायचे, इतकी पावलं पुढे, इतकी मागे, या वेगानं, आणि मग बटन दाबून हात जोडून बाजूला उभं राहायचं. कापायचं हत्यार आपोआप पुढे सरकतं, कापतं, मागे येतं. पण या मोटारीला डोळे नसतात. आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक नसतं, ती फक्त मोजते. म्हणून सुरुवातीला तिला शून्य दाखवावं लागतं. 'शून्य' असं मी ज्या बटनावर खडूनं लिहिलं होतं ते दाबलं, की हत्याराचा गाडा हळूहळू डावीकडे सरकत जायचा, जिथे पितळेचा पोकळ दांडा धरलेला असतो त्या चकापर्यंत. तिथे एक चिमुकला स्विच होता. गाडा त्याला टेकला की डब्ब्यात 'टक्', आणि तिथून मोजणी सुरू. लाईट गेली की डब्बा सगळं विसरायचा. आणि आमच्याकडे लाईट जाण्यासाठीच यायची. सगळे आकडे मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवले होते आणि दिवसातून चार वेळा पुन्हा भरायची.

शिवाय या मोटारी गायच्या. पावलं भराभर टाकली की उंच स्वर, सावकाश टाकली की खर्ज. शून्याकडे जाताना तर असा लांब 'कुंईईई' निघायचा की बाहेर बसलेली शेळी उत्तर द्यायची. सलीमभाई फिटर, अप्पांचे तीस वर्षांचे जोडीदार, पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "अप्पा, तुमारी मशीन खाली काम करती. ये तो गाती बी हाय."  अप्पा लांबूनच पाहायचे. माझ्या वहीला आणि त्या डब्ब्याला त्यांनी एकदाही हात लावला नाही. फक्त एकदा, मी लोखंडाच्या तुकड्यावर चाचणी घेत असताना, ते मागून म्हणाले, "लोखंडाला पाणी सोड. पितळ कोरडंच कातायचं असतंय." आणि निघून गेले.

त्या पाण्याचं निराळंच रामायण झालं. लोखंड कापताना ज्या तेलाचं पाणी सोडतात ते दिसायला दुधासारखं पांढरं असतं. शेडच्या खिडकीतून कुणीतरी ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेतल्या पंधरा-वीस बाया घागरी घेऊन शेडच्या दारात. पुढे असलेली बाई कमरेवर हात ठेवून बापूरावांना म्हणाली, "इथं लेकराच्या च्याला दूध न्हाई, अन् तुमी मशीनला दुधानं आंघूळ घालताव? कावून? तिचं काय बारसं हाय का?" बापूरावांनी 'सदर द्रव दूध नसल्याबाबत' ठराव वाचून दाखवला. शेवटी आमच्या आईनं त्यातलं घोटभर एका वाटीत घेऊन त्या बाईच्या नाकाखाली धरलं, तेव्हा मोर्चा शिंकत शिंकत परत गेला.

आता खरी गोष्ट. विहिरींना पाणी नव्हतं म्हणून सगळा तालुका हापशांवर आला होता. पाणी खोल गेलेलं, हापसे दिवसभर चालू, त्यामुळे दांड्यातले पितळी बुश भराभर झिजायचे. बुश म्हणजे बोटभर लांबीची पितळी नळी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसाला असे बुश ढिगानं हवे होते, सगळे अगदी एका मापाचे. बापूरावांनी ते काम मिळावं म्हणून शब्द टाकला. त्या ऑफिसचे एक इन्स्पेक्टर साहेब येणार, समोर दहा बुश करून दाखवायचे, त्यांच्या मापाच्या गेजमध्ये बसले तर काम आपलं. नाही बसले तर शेडला कुलूप लावायचं, असंही त्याच सभेत ठरलं होतं. अप्पा आणि सलीमभाई साखर कारखान्यावर हंगामी कामाला जाणार होते, गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या ओढायला. तीस वर्षं केसाएवढ्या मापात काम केलेली माणसं.  घरी अप्पा भाकरी मोडता मोडता मध्येच थांबत आणि आपल्या बोटांकडे पाहत.

कार्यक्रमाच्या तयारीला बापूराव लागले आणि पहिला प्रश्न निघाला तो बटन कोण दाबणार. मशीन संस्थेचं, म्हणजे ते बावीसही जणांचं. तेव्हा प्रत्येक सभासदानं एकेकदा बटन दाबावं असा ठराव एकमतानं पास झाला. मी घाबरत घाबरत उभी राहिले. म्हटलं, "बापू, बटन एकदा दाबलं की मशीन चालू होतंय, परत दाबलं की थांबतंय. बावीस वेळा दाबलं तर शेवटी बंदच राहील."

बापूरावांनी बोटांवर हिशेब केला. "मग एकाला वगळू."

"कुणाला?" सगळे एकदम म्हणाले.

त्यावर दोन तास चर्चा झाली. सलीमभाई स्वतःहून माघार घ्यायला तयार होते, पण मग जो दाबणार नाही तोच खरा मोठा माणूस ठरतो असं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि सगळेच माघार घेऊ लागले. शेवटी मीच सुचवलं की तेविसाव्यांदा इन्स्पेक्टर साहेबांनी दाबावं. बापूरावांनी मला सभेच्या वतीनं शाबासकी दिली. पदवीचा एवढा थेट उपयोग मला पुढे आयुष्यात क्वचितच झाला.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी अप्पा न्याहारीला थांबले नाहीत. "माझ्या लेथला तेल देतो," म्हणाले आणि लवकर निघून गेले. आई आणि मी धपाट्यांचा डबा घेऊन मागून गेलो. पोचतो तर छोट्या लेथची पूजा मांडलेली. ताट ठेवायला जागा हवी म्हणून कुणीतरी गाडा हातानं पार उजव्या टोकाला ढकललेला, त्या जागी नारळ, हळदकुंकू. दुष्काळात झेंडू कुठला, म्हणून कागदी फुलांच्या माळा, त्याही इतक्या की मशीन कुठलं आणि मांडव कुठला कळेना. आईनं लगेच गुंडाळं काढलं. एका मोटारीला दोरा, दुसरीला दोरा, डब्ब्याला, वायरीला, माझ्या वहीला आणि शेवटी मला.

साहेब जीपमधून उतरले, बारीक, चष्मेवाले, घाईत असलेले गृहस्थ. त्यांना अंबाजोगाई गाठायची होती. शाल दिली, नारळ दिला. हलगी सुरू झाली आणि पत्र्याच्या शेडमध्ये असा दणका उठला की मला माझं बोलणंही ऐकू येईना. मी पूजेचं ताट बाजूला घेतलं, आकडे भरले, शून्याचं बटन दाबलं; माळांआड गाडा कुठवर गेला ते कळत नव्हतं. मग हलगी जरा हळू झाली आणि सभासद रांगेनं आले. प्रत्येकानं चप्पल काढून, हात कपाळाला लावून बटन दाबलं. मशीन चालू, बंद, चालू, बंद. 'कुंई', गप्प, 'कुंई', गप्प, उचकी लागलेल्या बाळासारखं. बावीस झाले. साहेबांनी काही न विचारता तेविसाव्यांदा दाबलं आणि मशीन सुटलं.

काय सुंदर चाललं ते! हत्यार पुढे गेलं, मागे आलं, खाली स्वर, वर स्वर. एक बुश, दुसरा, तिसरा. बापूराव भाषणात 'आपल्या मातीतली लेक' इथपर्यंत पोचले. टाळ्या पडल्या. दहाव्या वेळेला मशीन मागे येऊन शिस्तीत थांबलं. साहेब गेज घेऊन वाकले. माल पडतो त्या ताटलीत पाहिलं. ताटली रिकामी. चकातला पितळेचा दांडा जसाच्या तसा, चकचकीत, त्यावर एक ओरखडासुद्धा नाही. दांड्यापासून हातभर अंतरावर, मोकळ्या हवेत, माझ्या मशीननं पूर्ण मापात दहा बुश कातले होते.

"माल कुठाय?" साहेबांनी विचारलं.

हलगी चालूच होती. बापूराव म्हणाले, "साहेब, ही रंगीत तालीम."

सलीमभाई हळूच म्हणाले, "हवा के बुश हाय साब. बहुत हलके निकले."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, पण मी हसण्याच्या अवस्थेत नव्हते. मी वही उघडली. मी आकडा न् आकडा पडताळला. सगळं बरोबर. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नारळ काखेत मारला. गव्हाणीवर मोळ्या ओढणारे अप्पा मला स्पष्ट दिसायला लागले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही सुचेना.

"हलगी बंद करा बे!" अप्पा ओरडले. मी त्यांना ओरडताना तोवर कधी ऐकलं नव्हतं. शेड एकदम शांत झाली. ते माझ्यापाशी आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गवरे, परत शून्य कर."

मी बटन दाबलं. 'टक्'. बस, एवढंच.

"रोज ती पहिल्यांदा लांब गाती," अप्पा म्हणाले. "मग टक् म्हनती. आज गायलीच न्हाई. चालतच गेली न्हाई ती."

महिनाभर लांबून पाहणारा हा माणूस माझं मशीन ऐकत होता! मी कागदी फुलांच्या माळा ओरबाडल्या, चकाखाली वाकले. त्या चिमुकल्या स्विचभोवती लाल दोरा करकचून बांधलेला होता, स्विच पार आत दाबून. बिचाऱ्या मशीनला वाटलं, गाडा चकाला टेकलाच आहे. म्हणून तो पूजेसाठी ढकललेला होता तिथेच शून्य धरून ते इमानानं मोजत बसलं.

सगळ्या शेडनं आईकडे पाहिलं.

आईनं पदर खोचला. "माज्याकडं काय बघताव? मोटारीला बांधला, डब्ब्याला बांधला, पोरीला बांधला. त्या बटनाला म्या कावून बांधू? ते हाय हेच मला ठावं न्हाई!"

मी दोरा सोडवायला गेले आणि माझी बोटं तिथेच थांबली. दोन फास, आणि उरलेलं टोक आत खोचलेलं. अंबाजोगाईच्या स्टँडवर दोन हमालांना घाम फोडणारी गाठ. मी मान वर करून अप्पांकडे पाहिलं. अप्पा शेडच्या पत्र्याकडे असे निरखून पाहत होते, जणू तिथे कसलं तरी माप लिहिलेलं आहे. मग आईही वाकली. तिनं गाठ पाहिली, अप्पांकडे पाहिलं, पुन्हा गाठ पाहिली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "असंल बाई. बांधला असंल मीच. वय झालं, ध्यान राहत न्हाई." तिचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं.

सलीमभाईंनी कात्री दिली. दोरा कापला. मी शून्याचं बटन दाबलं, आणि 'कुंईईई' असा तो लांब स्वर निघाला, गाडा सरकत सरकत चकापर्यंत गेला, 'टक्'. बाहेरची शेळी ओरडली. बापूराव पुन्हा रांग लावायला निघाले होते, पण साहेबांनीच हात करून सगळ्यांना थांबवलं आणि एकट्यानं बटन दाबलं. पितळेचा पिवळाधमक भुगा उडायला लागला. पितळ कोरडंच कातत होते मी. एकेक बुश ताटलीत टण् करून पडला. नऊ गेजमध्ये अलगद बसले. दहावा जरासा घट्ट होता. तो अप्पांनी उचलला, पॉलिश पेपरवर दोनदा फिरवला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब तेवढ्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्या सज्जन माणसाचं नाव मला आज आठवत नाही. पण त्या कॅलेंडर वाचण्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. दहावा बुशही बसला. मग साहेबांनी घाईघाईत धपाटी खाल्ली, तीन, आणि जीपमध्ये बसताना नारळ विसरले.

शेडला कुलूप लागलं नाही. तो दुष्काळ आम्ही बुशांवर काढला. दिवसा मी आकडे भरायची, अप्पा शेजारी उभे राहून ऐकायचे, आणि हत्याराची धार गेली की माझ्या आधी त्यांना कळायचं. तालुक्यातला कुठलाही हापसा कुरकुरला की सलीमभाई म्हणायचे, हा आपला नाही, आपला गातो. त्या दोऱ्याबद्दल मात्र घरात पुन्हा कुणी शब्द काढला नाही. अप्पांनी गाळणीवरचा विनोद तेवढा बंद केला.

पुढे मला औरंगाबादला एका कारखान्यात काम मिळालं आणि बऱ्याच वर्षांनी मी स्वतःचं छोटं युनिट काढलं. नवीन मशीन, काचेच्या पडद्याचं, न गाणारं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पा गावाहून एकटेच आले. आई तोवर गेली होती. पाणी प्यायले, मशीनभोवती एक फेरी मारली, कान लावून थोडा वेळ उभे राहिले आणि मग सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशातून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलं.

"गवरे," ते म्हणाले, "याच्या शून्याचा स्विच कुठं हाय ते दाखव आधी. तेवढा सोडून कुठंबी बांधतो."